बारा जणांच्या यादीबाहेर राहिलेल्या मुलांसाठी: मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच्या पंधरवड्यात आपल्याकडे वेळापत्रकाचा तक्ता तयार होतो. शिक्षकांचा कार्यभार जुळवताना आणि गणित-विज्ञानाचे जादा तास कुठे बसवायचे याचा खल चालू असताना, खेळाचा तास आठवड्यातून किती वेळा राहील आणि कोणत्या विषयासाठी तो उसना घेतला जाईल, हेही बोलता बोलता ठरून जाते. म्हणूनच हे पत्र मी आत्ता लिहीत आहे. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षे क्रीडाशिक्षक होतो. खो-खो हा माझा मुख्य खेळ. कबड्डी आणि लंगडीही शिकवली. आपल्याकडे माझे एकच मागणे आहे: यंदा शाळेतील प्रत्येक मुलाला आणि मुलीला वर्षभर टिकणारा एक संघ द्यावा, आणि त्या संघातून खरोखर खेळायला मिळेल एवढा वेळ वेळापत्रकात राखून ठेवावा.

शाळेचा संघ आमच्याकडे आहेच, असे आपण म्हणाल. तो असतो, आणि तेवढाच असतो. शालेय क्रीडा स्पर्धांसाठी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत नावे पाठवायची म्हणून ऑगस्टच्या सुमारास निवड होते, बारा-पंधरा चपळ मुले वेगळी काढली जातात, आणि पुढचे दोन महिने मैदान, साहित्य व शिक्षक त्यांच्याच वाट्याला येतात. संघ तालुक्याला जिंकला तर जिल्ह्याला जातो, कधी विभागालाही पोचतो. शाळेच्या फलकावर फोटो लागतो. त्या फोटोचे मोल मी कमी लेखत नाही, कारण तो मिळवण्यासाठी मी स्वतः रक्त आटवले आहे. परंतु ६०० मुलांच्या शाळेत मुलामुलींचे सर्व गट धरूनही फार तर ७०-९० जणांना संघ मिळतो. उरलेली मुले कडेला बसून टाळ्या वाजवतात किंवा वर्गात गृहपाठ पुरा करतात.

हे मी दुसऱ्या कुणावर दोष ठेवून लिहीत नाही. माझ्या नोकरीची पहिली अकरा-बारा वर्षे मीही हेच केले. निवृत्तीनंतर एका लग्नात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, वाकून नमस्कार केला, आपल्या मुलाची ओळख करून दिली आणि त्या मुलाला अगदी सहज म्हणाला, "सरांच्या मैदानावर सहा वर्षं फक्की मी मारली. रेघ कधी वाकडी गेली नाही." मी विचारले, "आणि खेळत कोणत्या जागी होतास?" तो हसून म्हणाला, "खेळलो नाही सर, कधीच." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाचवी ते दहावी तो रोज माझ्या नजरेसमोर होता, सुतळी धरून मैदान आखत होता, आणि आखून झाले की झाडाखाली जाऊन बसत होता; हे माझ्या लक्षात यायला त्याच्या मुलाचे वय सात व्हावे लागले. या पत्राचे खरे कारण फक्की मारणारा तो विद्यार्थी आहे.

सांघिक खेळाने मूल घडते, हे वाक्य क्रीडादिनाच्या भाषणात आपण सगळेच बोलतो. ते नेमके कसे घडते, हे एकदा जवळून पाहावे असे मला वाटते, आणि त्यासाठी मी खो-खोचाच दाखला देतो, कारण त्याची रचना मला आतून माहीत आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मध्यपाटीवरील चौकोनांत बसतात, शेजारशेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात आणि नववा गडी धावत असतो. पाटीच्या टोकांना रोवलेल्या दोन खांबांपैकी एक गाठेपर्यंत धावणाऱ्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही; पळणारा गडी मात्र वाटेल तसा वळू शकतो. म्हणजे एकट्याच्या वेगाने गडी बाद होणे फार अवघड, हे खेळाच्या नियमांतच बसवलेले आहे. नेमक्या क्षणी खो देऊन आपली पाळी दुसऱ्याच्या हाती सोपवणे आणि त्याच्या रिकाम्या जागी निमूटपणे बसणे, हाच त्यातला डाव. बसलेल्या गड्याला तर पाठीमागून कोण येत आहे ते दिसतही नाही. पाठीवर हात पडून "खो" ऐकू येईपर्यंत त्याला उठता येत नाही.

माझ्याकडे सातवीत एक अतिशय हुशार मुलगा होता. प्रश्न पुरा होण्याआधी त्याचा हात वर जायचा, आणि दुसरा कुणी उत्तर देत असेल तर हा शेजारून ते पुटपुटायचा. वर्गसंघात त्याला चौथा चौकोन मिळाला. पहिले दोन-तीन आठवडे तो प्रत्येक सामन्यात खो मिळण्याआधीच उठत असे. पंचाची शिट्टी वाजे, चूक दुरुस्त होईपर्यंत पळणारा गडी खांब गाठे, आणि संघातली मुले त्याच्याकडे बघत राहत. मी त्याला रागावलो नाही, कारण गरजच पडली नाही. त्याच्यापायी आठ जणांचे श्रम वाया जात आहेत हे त्याला मैदानच सांगत होते. मग एका दुपारी मी पाहिले: डाव्या हाताची बोटे मातीत रोवलेली, टाच उचललेली, नजर समोरच्या खांबावर, आणि सगळे लक्ष कानांत. मागून पावले जवळ आली, त्याचा खांदा थरथरला, पण तो उठला नाही. खो मिळाला तसा तो सुटला, चार पावलांत पळणाऱ्या मुलाच्या अगदी जवळ पोचला, आणि हात लांबवण्याऐवजी त्याने सातव्या चौकोनातल्या मुलाला खो दिला. गडी त्या सातव्याने बाद केला. तास संपल्यावर हा मुलगा धापा टाकत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझ्या खोवर गडी बाद झाला!" गडी दुसऱ्याने टिपला होता आणि आनंद याला झाला होता. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी "सहकार्य" हा शब्द फळ्यावर अनेकदा लिहिला असेल, पण तो असा कुणाच्या चेहऱ्यावर आलेला मला कधी दिसला नव्हता.

कबड्डीतही अशीच एक सुंदर योजना आहे. बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि त्याच्या साथीदाराने प्रतिपक्षाचा गडी मारला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. स्वतःच्या चुकीने बाहेर गेलेल्या मुलाला दुसऱ्याच्या कष्टाने परत संधी मिळते, आणि पाच मिनिटांनी तोच दुसऱ्या कुणाला तशी संधी मिळवून देतो. परीक्षेच्या जगात वाढणाऱ्या मुलांना हा अनुभव अन्यत्र कुठे मिळतो? तिथे शेजाऱ्याचे गुण वाढले की आपला क्रमांक खाली जातो.

ही केवळ माझ्यासारख्या मैदानावरच्या माणसाची भावना आहे असे समजू नये. अमेरिकेतील ९ ते १३ वर्षे वयाच्या ११,२३५ मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये चिंता व उदासीनतेच्या लक्षणांचे प्रमाण कोणताच खेळ न खेळणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के कमी आढळले. एकलकोंडेपणा आणि इतर मुलांशी जुळवून घेण्यातील अडचणीही कमी आढळल्या. उलट, टेनिस किंवा कुस्तीसारखे केवळ वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांमध्ये चिंता व उदासीनतेची लक्षणे कोणताच खेळ न खेळणाऱ्यांपेक्षाही काहीशी अधिक होती. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. मुळात मनमिळाऊ असणारी मुलेच संघात जात असतील, अशी शंका रास्त आहे. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या आमच्या जिल्ह्यातून त्या खेळाविरुद्ध एक अक्षर लिहिण्याचाही माझा हेतू नाही. परंतु हरल्याचे ओझे एकट्याने वाहणे आणि बारा जणांत वाटून घेणे यांत कोवळ्या वयात मोठा फरक पडत असणार, हे मी पराभवानंतर घरी परतणाऱ्या टेम्पोत बसून अनेकदा पाहिले आहे. अर्ध्या वाटेपर्यंत सगळे गप्प असतात, मग कुणीतरी डबा उघडतो, आणि गाव येईपर्यंत गाणी सुरू झालेली असतात.

शरीराच्या लाभांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ते सर्वमान्य आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा जोरकस व्यायाम त्यात असावा. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा, की ११ ते १७ वयोगटातील जगभरातील ८१ टक्के मुले एवढीही हालचाल करत नाहीत. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. मैदानावर गोल फेऱ्या मारायला सांगितल्या तर मुले तिसऱ्या फेरीला कंटाळतात. तीच मुले लंगडीच्या डावात किंवा आट्यापाट्यांत तासभर घाम गाळतात आणि वर "अजून एक डाव" मागतात. माझ्या मते सांघिक खेळाचा शरीराला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, की सोबती वाट पाहत असतात म्हणून मूल उद्या पुन्हा मैदानावर येते.

मुलींविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. वर उल्लेखिलेल्या जागतिक पाहणीत हालचाल अपुरी असण्याचे प्रमाण मुलांमध्ये ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. माझ्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुली मुलांहून चपळ असायच्या आणि आठवीत आल्या की एकेक करून मैदानाबाहेर जायच्या. "सर, पोट दुखतंय" अशी चिठ्ठी दर आठवड्याला हाती पडायची. अनेक वर्षे मी ती वाचून खिशात घालत राहिलो. पुढे एका सहकारी शिक्षिकेने खरे कारण सांगितले: मैदानाकडच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती, आणि खेळून आल्यावर कपडे नीट करायला दुसरी जागा नव्हती. लोहाराकडून कडी बसवून घ्यायला एक दिवस लागला. पंधरवड्यात चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. त्यानंतर घरच्यांना भेटून, तास संपल्यावर मुली एकत्रच घरी निघतील अशी व्यवस्था करणे सोपे गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात कितीतरी शाळांनी अभिनंदनाचे फलक लावले. फलक लावलेल्या प्रत्येक शाळेने मैदानाकडच्या त्या दाराची कडीही एकदा तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चिठ्ठ्या देणाऱ्या मुलींपैकीच एक, अंगाने जरा जड आणि धावायला संथ, आठवीच्या वर्गसंघात तिसऱ्या तुकडीत पळायला उतरली (पळणारे गडी तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात येतात). ती पटकन बाद होणार असे सगळे धरून चालले होते. तिने खांब सोडला नाही. खांबाला एक हात धरून, पाठलाग करणारी एका बाजूने आली की ती दुसऱ्या बाजूला होई, हूल देई, पुन्हा खांबाला येई. ५० सेकंदांनी ती बाद झाली. तिच्या मैत्रिणींनी ते सेकंद मोठ्याने मोजले होते. सामना तिचा संघ एका गुणाने हरलाच. पण दुसऱ्या दिवशी वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी तिचे नाव आणि पुढे "५० सेकंद" असे लिहून ठेवले होते आणि आठवडाभर ते कुणी पुसले नाही. शाळेच्या निवडक संघात तिला कधीच जागा मिळाली नसती, आणि मिळायलाही नको होती. वर्गसंघात मात्र तिच्यावाचून बाराची संख्या पुरी होत नव्हती.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे येतो, कारण "हे सगळे पटते, पण जमणार कसे" हा प्रश्न मला प्रत्येक मुख्याध्यापकांनी विचारला आहे. ६० मुलांच्या वर्गात बारा-बारांचे पाच संघ होतात. प्रत्येक संघ इतर चौघांशी एकदा खेळला तर दहा सामने होतात. पाठलागाची पाळी पाच मिनिटांची आणि प्रत्येक संघाला एकच पाळी, असा लहान सामना ठेवला तर ३५ मिनिटांच्या तासात मैदानावर जाणे-येणे धरून दोन सामने बसतात, म्हणजे पाच तासांत एक साखळी पुरी होते. आठवड्याला दोन तास असले तर तीन आठवड्यांच्या आत. ज्या संघांचा सामना नसेल त्यांपैकी एक पंच व गुणलेखनाचे काम पाहतो. उरलेले दोघे कडेला आपसांत लंगडीचा डाव मांडतात. खो-खोच्या मैदानाला साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा लागते, शिवाय दोन खांब आणि फक्की. एवढीही जागा नसेल तर लंगडी आणि डॉजबॉलला त्याहून कमी पुरते. क्रिकेट मुलांना प्रिय आहे, मलाही आहे, पण एका तासात साठांपैकी दहा-बारा मुलांच्या हातीच बॅट किंवा चेंडू येतो आणि बाकीची सीमारेषेवर उन्हात उभी असतात, म्हणून वर्गाच्या तासासाठी मी ते सुचवत नाही.

यात दोन बंधने मी अनुभवाने घालून घेतली होती आणि ती कृपया सैल करू नयेत. पहिले असे, की संघ शिक्षकाने पाडावेत. दोन कर्णधार उभे करून त्यांनी आळीपाळीने गडी मागून घ्यायचे, ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. तिच्यात शेवटी उरणाऱ्या मुलाला आपण नको असलेले आहोत हे चाळीस जणांसमोर कळते, आणि ते प्रत्येक तासाला कळते. संघ एकदा पाडले की सत्रभर तेच राहावेत, म्हणजे मुलांना एकमेकांच्या कमतरता सांभाळून घ्यायला वेळ मिळतो. दुसरे, बाराही जणांना प्रत्येक सामन्यात मैदानावर उतरवणे सक्तीचे असावे. पाठलागात नऊ जण लागतात, तेव्हा उरलेल्या तिघांना पळतीच्या पहिल्या तुकडीत घ्यावे. हा विचार आपल्याला परका नाही. वाड्याच्या अंगणात किंवा गल्लीत खेळताना सर्वांत लहान भावंडाला "कच्चा लिंबू" म्हणून डावात घेण्याची रीत आपल्याच मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. त्याच्यावर राज्य आले तरी ते धरायचे नाही, पण त्याला घरीही पाठवायचे नाही. त्या मुलांना कुणी बालमानसशास्त्र शिकवले नव्हते. अंगणे गेली, गल्लीत मोटारी उभ्या राहिल्या, आणि ज्या मुलाला पूर्वी शेजारपाजारची मुले सांभाळून घेत होती त्याला सांभाळून घेणारी जागा आता शाळेखेरीज उरलेली नाही.

सांघिक खेळाचे सगळेच चांगले असते असा माझा दावा नाही. हरल्यावर एकाच मुलाला दोषी धरणारा संघ त्या मुलाचे वर्ष खराब करू शकतो, आणि कडेला उभा राहून नावे घेऊन ओरडणारा शिक्षक तर अधिकच. जिंकण्यासाठी वयाचे दाखले बदलल्याचे प्रकारही आपण सर्वांनी ऐकले आहेत. वर्गसंघांच्या सामन्यांना म्हणूनच ढाली, रोख बक्षिसे आणि पाहुणे नसावेत. गुणफलक असावा, कारण गुण मोजल्याशिवाय खेळाला धार येत नाही. पण सत्र संपले की तो पुसून टाकावा.

दहावीच्या पालकांची काळजी मला समजते. तास बुडाला तर अभ्यासक्रम मागे पडेल, असे त्यांना वाटते. आठवड्यातली ७० मिनिटे काढून घेतल्याने एखाद्याचा निकाल पालटल्याचे मी ३१ वर्षांत पाहिले नाही. मात्र डिसेंबरनंतर मैदान बंद झालेल्या वर्गांत चिडचिड, डोकेदुखी आणि आपसांतली भांडणे वाढलेली दरवर्षी पाहिली. क्रीडागुणांचे आमिष दाखवून मुलांना खेळायला लावावे, असेही मला वाटत नाही. ते गुण स्पर्धांत ठरावीक पातळी गाठणाऱ्यांसाठी असतात, आणि ज्या मुलांसाठी मी लिहितो आहे ती तिथवर पोचणार नाहीत.

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या निकषांमध्ये मैदान आहे, खेळाचे साहित्य आहे, आणि सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. त्यामुळे शिक्षक नाही किंवा मैदान लग्नसराईत भाड्याने जाते, या अडचणींवर प्रश्न विचारण्याचा अधिकार समितीला आहे, आणि तो वापरायला लागणारे धैर्य आपल्याच गावातील आई-वडिलांनी दाखवायचे आहे.

समितीच्या पहिल्या सभेत आपण तीन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती करतो. प्रत्येक वर्गाला आठवड्यात खेळाचे किती तास आहेत. गेल्या वर्षी त्यांपैकी किती प्रत्यक्ष झाले आणि किती दुसऱ्या विषयाला गेले. आणि शाळेतील किती मुलामुलींचे नाव आज कोणत्या ना कोणत्या संघाच्या यादीत आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या एकूण पटाएवढे येत नसेल, तर उरलेल्या मुलांची यादी मागवून ती सभेत नावानिशी मोठ्याने वाचावी. माझ्या शाळेत अशी यादी कुणी वाचली असती, तर फक्की मारणाऱ्या त्या मुलाचे नाव मला सहा वर्षांत एकदा तरी ऐकू आले असते.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
सांगली जिल्हा